पांढरी टोपी, सावळा चेहरा

माउलींची पालखी पुण्याचा मुक्काम हलवून दिवे घाट चढते, त्या दुपारी घाटाच्या दरडीवर पाय ठेवायला जागा नसते. वृत्तपत्रांचे फोटोग्राफर, कॅमेरा क्लबांचे हौशी लोक, मुंबईहून रात्रीच येऊन बसलेले, काठीला मोबाइल लावून उभी असलेली आसपासच्या गावांतली पोरं. सगळ्यांची नजर खालच्या वळणावर. वळणावर रथ दिसला की नुसता खडखडाट. दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांत जवळपास एकच फोटो असतो. नागमोडी रस्ता, त्यावर पांढरी-भगवी रांग, भोवती पावसाने हिरवा झालेला डोंगर.

फोटो वाईट नसतो. उंचीवरून वारी कशी दिसते, हे उद्धव ठाकरे यांच्या ‘पहावा विठ्ठल’ (२०११) या हवाई छायाचित्रांच्या पुस्तकाने दाखवून दिलंच आहे, आणि आता ड्रोनमुळे ती उंची पुष्कळांच्या हाती आली. पण संदेश भंडारे यांनी वारीचे फोटो काढले ते लोकांत मिसळून, जमिनीवरून. मला विचाराल तर फोटोग्राफरची परीक्षा तिथे आहे. दिंडीत, विणेकऱ्यापासून दोन हातांवर. कारण तिथे डोक्यावर पांढरीशुभ्र टोपी आणि तिच्याखाली उन्हात रापलेला सावळा चेहरा एकाच चौकटीत येतो. दोन्ही खरे उतरले तर तुम्हाला उजेड कळला. एरवी टोपी तरी जळते, नाही तर चेहऱ्याची काजळी होते.

असं का होतं, ते आधी पाहू. कॅमेऱ्यातला मीटर वस्तूवर आपटून परत आलेला उजेड मोजतो. वस्तू मुळात पांढरी आहे की काळी, हे त्याला ठाऊक नसतं. समोर जे काही आहे ते सरासरीने करडं आहे असं तो धरून चालतो. या करड्यासाठी फोटोग्राफीत १८ टक्क्यांचा आकडा रूढ आहे, म्हणजे पडलेल्या उजेडापैकी १८ टक्के परतवणारा रंग. धुतलेलं पांढरं धोतर ८०-९० टक्के परतवतं. त्यामुळे चौकटीत पन्नास धोतरं आणि सदरे भरले की मीटर घाबरतो, उजेड फार झाला असं समजून एक्सपोजर कमी करतो. पांढरं मळकट होतं आणि चेहरे खोल अंधारात जातात. रात्री मंडपात कीर्तनाचे फोटो काढताना नेमकं उलटं होतं. मागचा काळोख मीटरला खुपतो, तो उजेड वाढवत नेतो आणि बुवांच्या कपाळावरचा बुक्का उजेडात विरून जातो.

आजचे कॅमेरे चेहरा ओळखतात, पूर्वीइतके फसत नाहीत, हे खरं. पण शंभर टोप्यांमध्ये कुठला चेहरा तुमचा, हे त्यांना कोण सांगणार? म्हणून दिवसा दिंडीत शिरताना एक्सपोजर कॉम्पेन्सेशनचं चाक अधिक एकच्या आसपास फिरवून ठेवावं आणि रात्री काळ्या पार्श्वभूमीवर उणे एककडे न्यावं. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरतं. मोबाइलवाल्यांना हेच बोटाने करता येतं. चेहऱ्यावर टेकवून बोट दाबून धरायचं, फोकस आणि उजेड तिथे अडकतात, मग पडद्यावरचं सूर्याचं चिन्ह वर-खाली सरकवायचं. फोनमध्ये ही सोय कित्येक वर्षं आहे, तिचा उपयोग करणारे मात्र फारच थोडे दिसतात.

याहून पक्की रीत हवी असेल तर स्पॉट मीटर, म्हणजे चौकटीतल्या एका लहानशा ठिपक्यापुरताच उजेड मोजणारा. अमेरिकेतले अँसेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४०च्या सुमारास झोन सिस्टिम बांधली. काळ्याकुट्टापासून पांढऱ्यापर्यंत शून्य ते दहा अशा पायऱ्या, एकेक पायरी एका स्टॉपची. मीटर ज्याच्याकडे रोखाल त्याला तो पाचव्या पायरीवर, मधल्या करड्यावर बसवतो. अ‍ॅडम्सच्या हिशोबात गोऱ्या माणसाची उजळ बाजूची कातडी सहाव्या पायरीवर येते. आपल्याकडच्या शेतकऱ्याची येत नाही. जन्म उन्हात गेलेल्या माणसाचा चेहरा मीटर सांगेल त्या पाचव्या पायरीवरही कधी कधी फिका वाटतो, तो चौथीच्या आसपास शोभतो. म्हणजे अशा चेहऱ्यावर मीटर रोखल्यावर आलेल्या आकड्यातून पाऊण ते एक स्टॉप कमी करायचा. ऐकायला विचित्र वाटतं, कारण ‘चेहरा काळा आला, उजेड वाढव’ हीच सवय आपल्याला लागलेली असते. पण हिशोब करून पाहा. ढगाळ उजेडात पांढरी टोपी गडद चेहऱ्यापेक्षा साधारण तीन स्टॉप वर असते. चेहरा चौथ्या पायरीवर ठेवला तर टोपी सातव्यावर बसते, आणि सातवी पायरी म्हणजे विणीचा दोरा न् दोरा दिसतो असं पांढरं. चेहरा सहाव्यावर नेला की टोपी नवव्यावर जाते आणि कागदासारखी कोरी होते.

स्पॉट मीटर नसेल तर आपला तळहात आहे. कातडीचा रंग कसाही असो, तळहात बहुतेकांचे उजळच असतात आणि करड्याहून साधारण एक स्टॉप वर असतात. चेहऱ्यावर जो उजेड पडतोय त्याच उजेडात तळहात धरायचा, मीटर लावायचा आणि एक स्टॉप वाढवायचा. जुने लोक तेही करत नसत. उन्हात एफ/१६ आणि फिल्मच्या स्पीडएवढा शटर, ढगाळ असेल तर एफ/८, आभाळ दाटून आलं तर एफ/५.६. चारशेच्या रोलवर आषाढातल्या दिवसाला १/५०० आणि एफ/५.६ म्हटलं की सहसा चुकत नाही. डिजिटल कॅमेऱ्यालाही हा आडाखा जसाच्या तसा लागू आहे, आणि मीटर भलतंच काही सांगू लागला की तो ताबडतोब उपयोगी पडतो.

इथवर रोल आणि सेन्सर यांच्यात फरक नाही. तडजोड करायची वेळ आली की दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. आभाळ फाटून ऊन पडलं, टोपीवर कडक ऊन आणि चेहरा टोपीच्या सावलीत अशी स्थिती आली, की फरक सहा-सात स्टॉपवर जातो. कुणाला तरी सोडावं लागतं. कुणाला?

फर्डिनांड हर्टर आणि व्हेरो ड्रिफिल्ड या दोघांनी १८९० मध्ये इंग्लंडमध्ये फोटोच्या काचेवर उजेड आणि काळेपणा यांचं नातं मोजून आलेख काढला. फिल्मचा तो आलेख खाली वळतो, मध्ये सरळ चढतो आणि वर पुन्हा कलतो. वरचं कलणं महत्त्वाचं. उजेड कितीही वाढला तरी निगेटिव्ह एकदम हार मानत नाही, हळूहळू भरत जाते. जास्त उजेड मिळालेल्या टोपीतली वीण प्रिंट करताना बऱ्याचदा काढता येते. पण सावलीला पुरेसा उजेड मिळाला नाही तर निगेटिव्हवर तिथे काहीच नसतं, नुसती पारदर्शक फिल्म. म्हणून रोलवाल्याने सावली सांभाळायची. चारशेचा रोल दोनशेचा समजून वापरणारे पुष्कळ आहेत, ते याचसाठी. कलर निगेटिव्ह तर दोन स्टॉप जास्तीचा उजेड सहज सोसते.

सेन्सर असं वळण घेत नाही. त्याचा आलेख सरळ चढतो आणि एका जागी कडा तुटावा तसा संपतो. त्या पलीकडे गेलेली टोपी कायमची गेली, कुठल्याही सॉफ्टवेअरला ती परत आणता येत नाही. सावलीत मात्र बरंच काही दडलेलं असतं. रॉ फाइल १४ बिटची असेल तर उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या, जेपेगमध्ये २५६. या जास्तीच्या पायऱ्यांमधून चेहरा वर काढता येतो. तेव्हा डिजिटलवाल्याने उजळ भाग सांभाळायचा. स्लाइड फिल्मचंही असंच होतं, तिला एकूण पाच-सहा स्टॉपच पेलायचे. स्लाइडवर हात बसलेली मंडळी डिजिटलमध्ये लवकर रुळली याचं मला नवल वाटत नाही. हल्ली पुन्हा रोलकडे वळलेली तरुण मुलं मात्र डिजिटलची सवय घेऊन येतात, हात आखडता ठेवतात आणि पातळ निगेटिव्ह घेऊन लॅबवाल्याशी वाद घालतात.

डिजिटलमध्ये टोपी जळतेय का हे बघायला हिस्टोग्रॅम आणि लुकलुकणारी सूचना असते. ती चालू ठेवावी, पण तिला प्रमाण मानू नये. ती कॅमेऱ्याने तयार केलेल्या जेपेगवरून निघते, रॉमध्ये थोडी जागा शिल्लक असते. शिवाय प्रत्येक लुकलुकीला घाबरायचं कारण नाही. पितळी तुळशीवृंदावनावर चमकलेला सूर्य जळायलाच हवा.

सावळ्या चेहऱ्याची ही अडचण फोटोग्राफीच्या जन्मापासूनची. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली, म्हणजे हा छंद आपल्याकडे फार लवकर आला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे धाकटे बंधू नारायण दाजी तिच्यात होते. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचे वर्ग १८५५च्या सुमारास निघाले आणि तिथे हरिश्चंद्र चिंतामण तयार झाले. त्यांच्या हाती होती ती काचेवरची कोलोडियनची पद्धत. तिला निळा उजेड दिसे, तांबडा जवळपास दिसतच नसे. आपल्या कातडीत तांबूस-पिवळी छटा भरपूर, त्यामुळे चेहरा होता त्याहून काळा उतरायचा आणि आभाळ कोरं. कुंकू काळं, हळदही काळपट. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये पडद्यावर आणला तेव्हाच्या फिल्मलाही तांबडा रंग दिसत नव्हता. सर्व रंग ओळखणारी पँक्रोमॅटिक फिल्म रुळली ती नंतर.

रंगीत फिल्म आली तरी पक्षपात गेला नाही, त्याने रूप बदललं. लॅबमधली यंत्रं जुळवायला कोडॅक एका गोऱ्या बाईच्या फोटोचं कार्ड पुरवायची, त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. शर्लीचा चेहरा बरोबर आला की यंत्र बरोबर. काळ्या माणसांचे चेहरे गडद, तपशील नसलेले येत आणि त्याबद्दल फार काळ काही झालं नाही. गडद तपकिरी छटा सुधारायला कंपनी हलली त्यात लाकडी फर्निचर आणि चॉकलेट यांच्या जाहिराती करणाऱ्यांच्या तक्रारींचा वाटा होता, हे वाचलं की हसावं की काय ते कळत नाही. आपल्याकडे तर गिऱ्हाईकच स्टुडिओवाल्याला सांगायचं, मुलीचा फोटो स्थळासाठी पाठवायचाय, जरा उजळ काढा. मग पावडर, चेहऱ्यावर सरळ दिवा आणि निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीचं रिटचिंग. आता तेच काम फोन न सांगता करतो. ब्यूटी मोड आधी बंद करा, ही मोबाइलवर फोटो काढणाऱ्याला द्यायची पहिली सूचना. गूगलने २०२१च्या पिक्सेल ६ पासून ‘रिअल टोन’ नावाने गडद कातडी नीट दाखवण्याची खटपट सुरू केली. कोलोडियनपासून तिथवर यायला दीडशेहून अधिक वर्षं गेली.

फोन आणखी एक खोड करतो. तो एका दाबात अनेक फोटो घेऊन त्यांची बेरीज करतो, सावल्या वर ओढतो आणि उजळ भाग खाली दाबतो. टोपी वाचते, चेहराही दिसतो, पण दोघांमधला उतार नाहीसा होतो आणि सुरकुत्यांची खोली जाते. फोनमध्ये प्रो मोड किंवा रॉची सोय असेल तर वारीसाठी ती चालू करावी.

उजेड निवडता आला तर ही सगळी आकडेमोड निम्मी होते. आषाढातलं ढगाळ आभाळ चेहऱ्यासाठी उत्तमच, फक्त उजेड डोक्यावरून येत असल्याने भुवयांखाली खाचा काळ्या राहतात. यावर दिंडीतच इलाज आहे. पुढच्या रांगेतल्या पाच-सहा जणांचे पांढरे सदरे हा भला मोठा परावर्तक असतो. मागच्या टाळकऱ्याच्या चेहऱ्यावर खालून-समोरून मऊ उजेड येतो, डोळे जिवंत होतात. त्यामुळे दिंडीच्या कडेने चालत तिसऱ्या-चौथ्या ओळीतल्या माणसाकडे बघावं. पहिल्या ओळीपुढे काळा डांबरी रस्ता असतो आणि तो काहीच परत देत नाही. लेन्स ३५ मिलिमीटरची किंवा फोनची साधी मुख्य लेन्स, आणि पायांनी जवळ जायचं. लांबून टेलीने टिपलेल्या वारकऱ्याच्या चेहऱ्यावर बहुधा आपण बघितले जातोय हे न कळल्याचा भाव असतो, आणि तो मला चोरल्यासारखा वाटतो. जवळ गेलात की मावशी स्वतःच म्हणतात, दाखव बघू कसा आला. नीरेच्या आणि चंद्रभागेच्या स्नानाच्या वेळी मात्र कॅमेरा पिशवीत असलेला बरा, निदान बायका स्नान करत असतील तिथे तरी.

जेजुरीत पालखीवर भंडारा उधळतात तेव्हा ऑटो व्हाइट बॅलन्स फसतो. एवढं पिवळं त्याला चूक वाटतं, तो निळा मिसळून ते ‘दुरुस्त’ करतो आणि सोन्याची माती होते. व्हाइट बॅलन्स उन्हाच्या खुणेवर, साधारण ५२०० ते ५५०० केल्विनला बांधून ठेवावा. तिथे लेन्स बदलू नये, आणि काचेवर बसलेली पूड आधी ब्लोअरने उडवावी, मगच फडकं लावावं.

रिंगण हा वेगळाच धडा. पुरंदवडे, खुडूस फाटा, ठाकूरबुवाची समाधी, बाजीराव विहीर, जागा कुठलीही असो, गर्दी तीच आणि अश्व समोर येतो तो क्षणभर. एक स्वाराचा, एक माउलींचा, पाठीवर कुणी नसलेला. घोड्याच्या मागे कॅमेरा पळवून काही मिळत नाही. वर्तुळातली एक जागा हेरायची, त्या अंतरावर फोकस बांधायचा, १/१००० चा शटर ठेवायचा आणि घोडा तिथे येण्याच्या किंचित आधी बोट दाबायचं. दुसरी तऱ्हा पॅनिंगची. शटर १/३० ते १/६०, घोड्याच्या वेगाने कंबरेतून वळत राहायचं, दाबल्यावरही थांबायचं नाही. दहातले नऊ बिघडतात. स्टॅबिलायझेशनची यंत्रणा हलणारा हात सावरते, घोड्याची हालचाल नव्हे. आणि अश्व निघून गेल्यावर कॅमेरा खाली ठेवू नये. टापांखालची माती कपाळाला लावायला माणसं झेपावतात तेव्हाचे चेहरे दौडीपेक्षा मोलाचे.

रात्री मंडपात एलईडी आणि ट्यूबलाइट असतात. आपल्या विजेच्या ५० हर्ट्झमुळे त्यांतल्या पुष्कळ दिव्यांचा उजेड सेकंदाला शंभर वेळा वर-खाली होतो आणि वेगवान शटरवर, विशेषतः इलेक्ट्रॉनिक शटरवर, फोटोत आडवे पट्टे येतात. १/५० किंवा १/१०० वर ते बहुधा नाहीसे होतात.

पाऊस आला की वारकरी प्लास्टिकचा कागद डोक्यावर घेतात, कॅमेऱ्यालाही तोच पुरतो. पिशवीला लेन्सएवढं भोक, वर हूड, त्याभोवती रबर. खरा धोका पावसाहून एसी गाडीचा. थंड लेन्स दमट हवेत काढली की काचेवर धुकं धरतं, म्हणून पिशवी बंद ठेवूनच तिला बाहेरच्या हवेवर येऊ द्यावं. पावसाळाभर चामड्याच्या बॅगेत पडलेल्या लेन्सला बुरशी हमखास लागते. सिलिका जेल टाकलेला घट्ट झाकणाचा डबा आणि आत ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान आर्द्रता, एवढं केलं की झालं.

रोल घरी धुणाऱ्यांसाठी आपल्या हवेची एक अडचण आहे. डी-७६ सारख्या डेव्हलपरचे तक्ते २० अंशांचे असतात आणि आपल्या नळाला असं पाणी क्वचितच येतं. दर अंशामागे वेळ सुमारे दहा टक्क्यांनी कमी करावी लागते, पण ती पाच मिनिटांच्या खाली गेली की निगेटिव्ह डागाळते. अशा वेळी डेव्हलपरमध्ये तितकंच पाणी घालून तो पातळ करावा, म्हणजे वेळ लांबते. बर्फ वापरायचा तर पिशवीत बांधून बाहेरच्या टबात टाकावा, द्रावणात नव्हे. डेव्हलपर, हायपो आणि धुण्याचं पाणी यांच्या तापमानात मोठी तफावत पडू देऊ नये, नाही तर फिल्मवरचा थर आकसून जाळी धरतो.

प्रिंट काढताना टोपी आणि चेहरा यांचा तंटा पुन्हा उभा राहतो. डार्करूममध्ये तारेला लावलेला पुठ्ठ्याचा तुकडा चेहऱ्यावर हलवत धरून तिथला उजेड अडवायचा, की चेहरा खुलतो. टोपीला भोकाच्या पुठ्ठ्यातून काही सेकंद जास्त द्यायचे, की वीण उमटते. फोटोशॉपमधली डॉज आणि बर्न ही हत्यारं याच पुठ्ठ्यांची नक्कल आहेत. हात हलता ठेवणं दोन्हीकडे गरजेचं. संगणकावर सगळीच सावली एका पट्टीने वर ओढली तर सावळी कातडी राखेसारखी दिसू लागते, आणि क्लॅरिटी वाढवली तर ती ओल्या चामड्यासारखी. निव्वळ चेहरा निवडून अर्धा स्टॉप द्यावा, त्यातली तांबूस छटा तपासावी आणि थांबावं. पडद्याची चकाकीही खाली आणून बघावं. झगझगत्या पडद्यावर बरोबर वाटलेला फोटो कागदावर अंधारा येतो, ही लॅबमध्ये रोज ऐकू येणारी तक्रार आहे.

कॉपी काढून दिंडीतल्या माणसाला पाठवणार असाल तर मॅट कागद घ्यावा, चमकदार कागदावर बोटांचे ठसे उठतात. मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने दिंडीचा क्रमांक, मुक्कामाचं गाव आणि तारीख लिहावी. बॉलपेन दाबून लिहिलं की पुढच्या बाजूला उमटतं, आणि उमटतं ते नेमकं चेहऱ्यावर.